भोंग्याची दुपारची झोप

लाँड्रीत त्याला सगळे भोंगा म्हणत. नावात चेष्टा होती तसा मानही होता. शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी रात्रभर जिथे धुतल्या जातात, तिथे यंत्रांची अशी घरघर असते की शेजारचा माणूस बोंबलला तरी त्याचं नुसतं तोंड उघडलेलं दिसतं. अशा गोंगाटात या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला "थांब, चादर अडकलीय" हे ऐकवणारा गडी एकच होता. नव्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला फाडून खातोय. आठवडाभरानं त्याला कळायचं की तो चहाला बोलावत होता.

अशा माणसाची मुलगी कुजबुजत बोलायची. जन्मली तेव्हा गुटगुटीत होती म्हणून तिचं नाव ढमी पडलं. चार वर्षांची होईतो तिची पार काडी झाली, नाव मात्र तसंच राहिलं. ढमीला पाणी हवं असलं की ती येऊन बाही धरायची, तोंड कानाशी न्यायची आणि सांगायची, "पाणी." घरात कुणी झोपलेलं नसलं तरी असंच, आणि भर बाजारातही असंच. भोंग्याला याचं कोण कौतुक. धुतलेल्या चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवरच्या जोडीदाराला तो ओरडून ओरडून सांगायचा की आमची पोर म्हणजे शहाणपणाचा अर्क, मी दुपारी झोपतो तर टाचणी पडल्याचा आवाज येईल पण तिचा येणार नाही. जोडीदाराची दोन्ही पोरं घर डोक्यावर घेणारी होती. तो बिचारा नुसती मान डोलवायचा.

भोंगा वाईट बाप नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं तुम्हाला वाटेल, आणि त्याला स्वतःलाही ते अनेकदा वाटून गेलं आहे. दोघं नवराबायको कमावती. बायको एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर. सकाळी निघायची ती संध्याकाळी परत. ढमी लहान असताना पाळणाघराचा विचार झाला, दोघं जाऊन एक बघूनही आले. एका खोलीत दहा-बारा पोरं टीव्हीसमोर ओळीनं बसवलेली पाहून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि जिना उतरता उतरता दोघांनी ठरवून टाकलं की आपलं पोर आपणच सांभाळायचं. म्हणून त्यानं रात्रपाळी मागून घेतली. सकाळी तो दारात शिरायचा तेव्हा बायको पायात चपला सरकवत असायची. पोर आईच्या कडेवरून बापाच्या कडेवर जायची आणि दिवस सुरू व्हायचा. नातेवाइकांत दोघं मान ताठ करून सांगत की आमच्या मुलीला आम्ही एक दिवस परक्याच्या हाती दिलेली नाही. ते खरंच होतं. आईबापांपैकी एक जण कायम तिच्याजवळ असायचा. फक्त तो झोपलेला असायचा, एवढंच.

सकाळी झोपायची सोय नव्हती. एकदा ढमीला बालवाडीत सोडून तो "जरा पाठ टेकतो" म्हणून आडवा झाला आणि तिला आणायची वेळ टळून गेली. धावत गेला तर बालवाडीच्या बाई हातात कुलूप घेऊन पोरीसोबत पायरीवर बसलेल्या. त्या दिवशी त्यानं कानाला खडा लावला. मग सकाळी स्वयंपाक, भांडी, धुणं; रात्रभर लोकांच्या चादरी बघून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा चादरीच पिळायचा आणि त्यावर स्वतःच हसायचा. दुपारी पोरीला आणायचं, जेवू घालायचं, आणि मग झोप. बायको येईपर्यंतची ती एकच झोप. ती झाली तर रात्र निभायची, नाही तर उभ्या उभ्या डोळे मिटायचे.

त्या एका झोपेसाठी दोघांनी घराला असं वळण लावलं होतं की बघत राहावं. दाराच्या घंटीची तार काढून ठेवलेली. खिडकीला काळं जाड कापड. चाकांची खेळणी बहिणीच्या मुलांना देऊन टाकलेली, ठोकळे खेळायचे तर गोधडीवरच. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे बांधलेले, म्हणजे सरकवताना कर्रकन वाजायला नको. ढमीही तयार झाली. तिला पाऊल न वाजवता चालता येऊ लागलं, बारीक धारेनं नळ सोडून पेला भरता येऊ लागला, खोकला आला तर उशीत तोंड खुपसता येऊ लागलं. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडे लहान मूल आहे हे कळतसुद्धा नाही हो." दोघं नवराबायको हे ऐकून हरखून गेले. काकूंच्याही मनात काही वाकडं नव्हतं, त्यांनाही ते कौतुकच वाटत होतं.

बालवाडीच्या बाईंना मात्र ते खटकलं. त्यांनी भोंग्याला फाटकाशी थांबवून सांगितलं की पोरगी हुशार आहे, पण गाण्याच्या वेळी तिचे नुसते ओठ हलतात, एकदा घसा दाखवून घ्या. भोंग्यानं मोठ्यानं हसून सांगितलं की घसा चांगला ठणठणीत आहे, शांत स्वभावाची आहे एवढंच, आईवर गेलीय. आई काही शांत स्वभावाची नव्हती, पण तेव्हा बाईंच्या बोलण्यात त्याचं अर्धंच लक्ष होतं. उन्हात उभ्या उभ्या त्याचे डोळे जड झाले होते आणि घरी जाऊन कधी एकदा पडतो असं त्याला झालं होतं.

मग तो दिवस आला. दुपारी ढमीनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. भोंग्यानं ते पाहिलं. पाहिलंच नसतं तर पुढे त्याचं मन त्याला इतकं खात बसलं नसतं, पण त्यानं पाहिलं, भूक नसेल असं म्हणाला आणि ताट झाकून ठेवलं. ती एका बाजूला मान कलती धरून बसली होती, तेही पाहिलं. मग खिडकीवरचं कापड ओढलं आणि आडवा झाला. पाठ टेकली की त्याला जग कळत नसे.

जाग आली ती बायकोच्या आवाजानं. तिनं दिवा लावला होता. ढमी पलंगाला खेटून जमिनीवर बसली होती, मांडीवर उशी, उशीवर कान. अंगाला हात लावला तर चटका बसला. उशीवर पिवळसर लाल डाग पडलेला होता आणि ओल गोधडीपर्यंत गेली होती. तिचे गाल भिजलेले होते आणि फ्रॉकच्या गळ्याचं टोक तिनं दातांत धरलेलं होतं, पार चोळामोळा होईपर्यंत. भोंग्याच्या उशाशी हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर ती बसली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पोरीशी प्रेमानं बोलल्या, कानात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाल्या की पडदा फुटलाय, पण घाबरू नका, या वयात भरून येतो. औषध लिहून दिलं. मग सहज बोलावं तसं म्हणाल्या, "फुटल्यावर दुखणं कमी होतं. त्याच्या आधी मात्र फार दुखलं असणार, काही तास तरी. मोठी माणसं गडाबडा लोळतात या दुखण्यानं. रडली नाही का ही?"

भोंगा म्हणाला की नाही. मग म्हणाला की माहीत नाही. मग म्हणाला, "मी घरीच होतो." एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे वाक्य डॉक्टरीणबाईंना दुसऱ्यांदा विचारून ऐकावं लागलं.

ढमीनं आईची मान खाली ओढून तिच्या कानात काही सांगितलं. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. काय म्हणतेय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणतेय, रडले. हळू रडले."

त्या रात्री भोंगा कामावर गेला नाही. औषधानं पोरीला जरा हुशारी आली तेव्हा तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि त्यानं विचारलं की मला उठवलं का नाहीस. रागावून नाही विचारलं, पण त्याचा साधा आवाजही रागावल्यासारखाच असतो. ढमी बराच वेळ त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळत राहिली. मग त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "मग तुझा हात जाईल ना मशीनमध्ये."

भोंग्याला आधी काही लक्षातच आलं नाही. मग आठवलं. कधीतरी, वर्ष झालं असेल, ढमी दुपारी गाणं म्हणत नाचत होती. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, आणि मग वैतागून त्यानं जीभ उचलून टाळ्याला लावली. म्हणाला, बाबा झोपला नाही ना, तर रात्री त्याला मशीनवर डुलकी लागेल आणि त्याचा हात आत जाईल, मग बाबाला हातच राहणार नाही. मात्रा लगेच लागू पडली. पोर एकदम गप्प झाली आणि तो समाधानानं कूस बदलून झोपला. त्यात तथ्य काही नव्हतं. तापलेल्या रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते, तिला बोट लागलं की सगळं जागच्या जागी थांबतं. पोरांना काहीबाही सांगतोच की माणूस, आणि पोरं ते विसरतातही. तो स्वतः दुसऱ्या दिवशी विसरला होता. तिनं मात्र वर्षभर रोज दुपारी त्याचा हात सांभाळला, आणि त्या दिवशी कान फुटेपर्यंत सांभाळला.

त्यानं तिला पट्टीचं समजावून सांगितलं. ढमीनं ऐकून घेतलं.

बायकोनं त्याला फाडून खाल्लं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तो वाटच बघत होता. पोर झोपल्यावर तिच्यासमोर जाऊन बसला, आता बोल काय बोलायचं ते, अशा चेहऱ्यानं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तू झोपला होतास म्हणून मी तुला बोलणार नाही," ती म्हणाली. "तू निदान घरात होतास. मी काउंटरवर उभी राहून दिवसभर लोकांना विचारत होते, पिशवी हवी का, पिशवी हवी का. तिथे खिशात फोनसुद्धा ठेवू देत नाहीत. तिनं मला हाक मारली असती तरी कुठे मारली असती? आणि खुर्च्यांना मोजे मीच बांधलेत. मला त्याचा अभिमान होता."

भोंगा म्हणाला की मी दिवसपाळी मागतो. मागितलीही. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारलं की दिवसपाळी देतो, पण मग दिवसा पोरीजवळ कोण?  पाळणाघराचा जिना उतरताना ज्या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं, तो प्रश्न पुन्हा जिना चढून वर आला होता. बायकोनं काम सोडायचं तर दोघांचं घर एकाच्या हातावर चालत नव्हतं, आणि त्यानं सोडायचं तर तिच्या एकटीच्याही नाही. शेवटी मुकादम म्हणाला, बघू, जागा झाली की सांगतो. अशा जागा कधी होत नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग राहिला एकच उपाय. पोरीला ओरडायला शिकवायचं. भोंगा हौशी गडी, त्यानं त्याचा खेळ केला. तो पलंगावर खोटं खोटं घोरत पडायचा आणि ढमीनं त्याला उठवायचं. पहिल्या दिवशी तिनं त्याच्या पायाच्या अंगठ्याला बोट लावलं आणि पळाली. दुसऱ्या दिवशी कानाशी येऊन कुजबुजली. मग त्यानं तिला लाँड्रीत कसं बोलतात ते दाखवलं, पोटातून, तोंड वासून, आणि शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या की सगळं ठीक आहे ना. ढमीला हसू आलं. होता होता एके दिवशी तिच्या गळ्यातून गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला, "बाबा, ऊठ." नवराबायकोनं टाळ्या पिटल्या. घंटीची तार जोडली, खुर्च्यांचे मोजे काढून टाकले. कानाचा पडदा भरून आला, आणि बालवाडीच्या बाईंनी फाटकाशी सांगितलं की ढमी आज गाण्यात ऐकू आली. भोंग्याच्या छातीवरचं ओझं बरंच उतरलं. खेळात उठवणं वेगळं आणि खरं उठवणं वेगळं, हे त्याला कळत होतं, पण माणूस स्वतःला जेवढं कळवून घेतो तेवढंच त्याला कळतं.

आणि एका दुपारी तिनं त्याला खरंच उठवलं. तो गाढ झोपेत होता, आणि कानाशी चांगली खणखणीत हाक आली. धडपडून उठला. काय झालं म्हणून विचारलं तर ढमीनं बोट दाखवलं. खिडकीखाली एक काळा किडा उताणा पडून पाय झाडत होता. दोघांनी कागदाच्या तुकड्यानं त्याला सुलटा केला आणि तो चालता चालता कपाटाखाली जाईपर्यंत पालथं पडून बघत राहिले. भोंग्याला पुन्हा झोप लागली नाही, पण आनंद एवढा झाला होता की त्याचं त्याला काही वाटलं नाही. संध्याकाळी बायको दारात येताच त्यानं तिला सांगितलं. रात्री जोडीदाराला ओरडून सांगितलं, एका किड्यासाठी उठवलं मला, किड्यासाठी.

पहाटेकडे त्याचे डोळे मिटायला लागले. चादरीचं टोक हातात तसंच धरून तो उभा राहिला आणि जोडीदारानं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं, शिव्या घातल्या आणि घड्या घालायच्या टेबलावर पाठवून दिलं. झालं काहीच नाही. पट्टी होती, जोडीदार होता. असं पूर्वीही एकदोनदा झालेलं होतं. पण घड्या घालताना पोरीला वैतागून मारलेली थाप तितकीशी थाप नव्हती, हे त्याला आज पहिल्यांदाच दिसलं.

सकाळी तो घरी आला तर दार आधीच उघडं होतं. बायको चपला घालून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली की ही उजाडायच्या आधीपासून इथे उंबऱ्यात बसलीय, दात घासायला तयार नाही, दूध प्यायला तयार नाही, विचारलं तर काही सांगत नाही, तूच बघ आता.

भोंग्यानं तिला उचलायला हात पुढे केले. ढमी कडेवर आली नाही. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आधी एक, मग दुसरा. पालथे करून पाहिले, उलटे करून पाहिले, एकेक बोट दाबून पाहिलं. नखं तपासून घेणाऱ्या शाळकरी पोरासारखा तो वाकून उभा राहिला. पायऱ्यांवर माणसांची ये-जा चालू होती, बायकोची बस चुकत होती, पण दोघांपैकी कुणाच्यानं हलवेना.

"आहेत," ढमी म्हणाली. कुजबुजली नाही, चांगलं स्पष्ट म्हणाली, शेजारी ऐकू जाईल असं. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "काल उठवलं ना तुला. आता नाही उठवणार."

त्यानं तिथंच उकिडवं बसून तिला सांगितलं की मशीनला पट्टी असते, बोट लागलं की ते थांबतं, काही होत नाही, तू मला रोज उठव, दहा वेळा उठव.  ढमीनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मान हलवली, लहान मुलाचं खोटं मोठी माणसं ऐकून घेतात तशी. बायकोनं तोंड फिरवलं आणि ती भराभर जिना उतरून गेली. त्या दिवशी काउंटरवर तिनं किती जणांना चुकीचं बिल दिलं कोण जाणे.

भोंग्यानं ठरवलं की आज झोपायचंच नाही. रात्री काय व्हायचं ते होऊ दे, आज रजा टाकू, पण आजची दुपार पोरीला द्यायची. बालवाडीतून आणताना त्यानं तिला तसं सांगितलंही. जेवणं झाली. त्यानं खिडकीवरचं कापड बाजूला केलं, सगळा उजेड आत घेतला, गोधडी पसरली आणि ठोकळे मांडून तिच्यासमोर मांडी ठोकली. आपण मोठ्ठं घर बांधू, म्हणाला. ढमी खुशीत होती. तिनं पाया मांडला, त्यानं भिंत उभी केली. भिंतीला टेकून बसलं तर पाठीला बरं वाटेल म्हणून तो जरा मागे सरकला. ती त्याला काहीतरी सांगत होती, घरात कोण कोण राहणार ते, चांगलं मोठ्यानं सांगत होती, आणि तो हं म्हणत होता. मग तिचा आवाज बारीक होत गेला. आवाज खरंच बारीक झाला की आपल्यालाच ऐकू येईना, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. संध्याकाळी बायकोनं येऊन खांदा हलवला तोवर तो तिथंच भिंतीशी झोपला होता, आणि त्याला कुणीही उठवलं नव्हतं.